मुंग्या हाताला, दोष मानेचा की मनगटाचा?

प्रश्न : दोन महिने झाले, पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मानेच्या एक्स-रेत झीज दिसली आहे, तरी डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगितली. ती कशासाठी? शॉक फार लागतात का?

उत्तर : मानेची झीज उतारवयात बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, त्रास असो वा नसो. झोपेतून उठवणाऱ्या आणि झटकल्यावर कमी होणाऱ्या मुंग्या मात्र बहुधा मनगटातल्या असतात. तिथे हाडं आणि जाड पट्टा यांच्यामधल्या बोळातून नऊ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह दाटीवाटीने जातात. झोपेत मनगट दुमडलं की ती नस दाबली जाते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात यांत आतली जागा आणखी कमी होते, म्हणून रक्तातली साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या.

अनामिकेवर कापूस फिरवून पाहा. मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर दोष मनगटात असण्याची शक्यता जास्त. मानेच्या दोषात एकाच बोटाची अशी उभी वाटणी सहसा होत नाही.

टेस्टमध्ये बोटाला कड्यासारखे इलेक्ट्रोड लावून मनगटावर बारीक शॉक देतात आणि संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. टिचकी बसल्यासारखं वाटतं, एवढंच. खरी गंमत तुलनेत आहे : अनामिकेला मीडियन आणि अल्नर अशा दोन नसा जातात. सारख्याच अंतरावरून शॉक दिल्यावर मीडियनला ०.५ मिलिसेकंदाहून जास्त उशीर झाला, तर अडथळा मनगटात. हात गार असला की नसा मुळातच मंदावतात आणि आकडे फसवतात. त्वचा ३२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आधी हात शेकून घ्यायला सांगा. त्या दिवशी हाताला तेल-क्रीम नको, अंगठ्या काढून ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. मानेचीही शंका असेल तर स्नायूत सुईही घालतात.

प्रश्न : माझा रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्रास तसाच आहे. आता?

उत्तर : सुरुवातीच्या टप्प्यात असं होतं, लक्षणं खोटी ठरत नाहीत. सहा आठवडे रोज रात्री स्प्लिंट (मनगट सरळ धरून ठेवणारा आधारपट्टा) लावा, पण नीट पाहून. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बहुधा मागे वाकवलेली असते, त्याने बोळातला दाब उलट वाढतो. पट्टी बाहेर काढून सरळ करा आणि पट्टे आवळू नका. अंगठ्याखालचा उंचवटा बसत चालला असेल किंवा शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर मात्र सहा आठवडे थांबू नका, हाताच्या सर्जनना दाखवा.