जागा एकच, चक्कर रोज

सुटी लागली की या सदराच्या टपालात अभ्यास, हट्ट, भावंडांची भांडणं सगळं मागे पडतं आणि एकच विषय उरतो: मुलांना न्यायचं कुठे? या महिन्यात तशी पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. काही पत्रं जागेअभावी कापावी लागली, राग मानू नये.

प्रश्न: ताई, मला पाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी आहे. सुटी वाया जाऊ नये म्हणून आम्ही दर रविवारी काहीतरी मोठं ठरवतो. तयारीतच अर्धी सकाळ जाते, पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, धाकटी किरकिर सुरू करते, मोठा तासाभरात "घरी कधी जायचं?" विचारतो आणि परतताना आम्हा नवरा-बायकोत धुसफूस. गेल्या रविवारी प्राणिसंग्रहालयात गेलो, तर चिरंजीव वाघाकडे पाठ करून नळाखालच्या डबक्यात दगड टाकत बसले. वाघ पाहिलाच नाही! या वयाच्या मुलांना नक्की आवडतील अशा जागांची यादी द्याल का?

उत्तर: यादी देत नाही. तुमच्या मुलानं ती दिलेली आहे: नळ आणि डबकं.

वाघ झोपलेला होता ना? भर उन्हात तो दुसरं काय करणार? त्याची हालचाल असते ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं ते जाळीपलीकडचं, न हलणारं, आपण काही केलं तरी ढिम्म राहणारं काहीतरी होतं. डबकं मात्र उत्तर देत होतं. मोठा दगड टाकला तर एक आवाज, बारका टाकला तर दुसरा. चप्पल भिजली, वर्तुळं उठली, आई ओरडली. इतक्या गोष्टी एका दगडात घडत असतील तर वाघाचा पाड लागत नाही.

हे मोठ्या माणसांच्या लक्षात यायला बराच काळ गेला. डेन्मार्कमधले कार्ल थिओडोर सोरेन्सन हे उद्यानरचनाकार मुलांसाठी रेखीव क्रीडांगणं आखायचे. त्यांच्या असं ध्यानात आलं की मुलं तिथं खेळण्याऐवजी बांधकामाच्या आणि भंगाराच्या जागी जास्त रमतात. मग १९४३ साली, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप इथं त्यांच्या कल्पनेतून एक वेगळंच मैदान उभं राहिलं. तिथं झोके-घसरगुंड्यांऐवजी लाकडाचे तुकडे, विटा, माती, अवजारं होती, आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस. मुलं बांधायची, मोडायची, खणायची. आपल्या सगळ्या कामांत हे सर्वांत कुरूप आणि तरीही आपल्या लेखी सर्वांत सुंदर, असं सोरेन्सननीच पुढे म्हटलं होतं. आज जगभर साहसी क्रीडांगणं म्हणून जी ओळखली जातात, त्यांची सुरुवात ही.

तेव्हा तुमच्याकडून मला एवढंच हवंय: घरापासून चालत जाता येतील अशा दोन जागा निवडा. एकीत माती किंवा पाणी असावं, दुसरीत दाट सावली. आणि त्याच जागी रोज जा. रोज नवी जागा दाखवायची ही हौस आपली असते, मुलांची नाही. पहिल्या दिवशी मूल तुमचा पाय सोडत नाही. दुसऱ्या दिवशी घसरगुंडी कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते धावत सुटतं. चार दिवसांनी त्याला घसरगुंडीच्या खाली काय आहे ते दिसायला लागतं, आणि खरी सहल तिथून पुढे. बालवाडीत मी पाहत आले आहे, सुटीत लांबच्या गावांना जाऊन आलेली मुलं परत आल्यावर काय सांगतात? जिन्याखालच्या मांजरीबद्दल सांगतात. मांजर रोज भेटलेली असते.

वेळेचं मात्र कडक राहा. मुलं उठल्यापासून अर्ध्या तासात घराबाहेर, आणि दहाच्या आत परत. हे जमायचं तर पिशवी आदल्या रात्रीच दाराशी भरलेली हवी: पाणी, टोप्या, कपड्यांचा एकेक जोड, ओलं फडकं आणि एक रिकामा डबा. डबा विसरू नका, घरी आणलेले दगड ठेवायला तुमची पर्स वापरली जाईल नाहीतर. दोन वर्षांच्या मुलीसाठी फाटकापर्यंत चालत जाणं हीच सहल असते. ती वाटेत अकरा ठिकाणी थांबणार, त्याचा हिशेब आधीच धरा. आणि दोन्ही मुलांना नेहमी एकत्रच न्यायला हवं असं कोणी सांगितलं? आठवड्यातून एक सकाळ मोठा वडिलांबरोबर, धाकटी तुमच्याबरोबर. बघा किती भांडणं आपोआप मिटतात.

मोठा कार्यक्रम बंद करा असं म्हणत नाही, पंधरवड्यातून एखादा पुरे. प्राणिसंग्रहालय उघडतानाच आत शिरा, एकच प्राणी ठरवा आणि त्याच्यासमोर बसकण मारा. वस्तुसंग्रहालयात एकच दालन, आणि शक्यतो जिथं हात लावू देतात असं. १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये खास मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय उघडलं, तेव्हापासून अशी ठिकाणं वाढत गेली आहेत. तुमच्या आसपास असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही.

धुसफुशीवर उपाय सोपा आहे. परत कधी फिरायचं हे त्या दिवशी कोण ठरवणार, ते निघण्याआधीच नक्की करा. दुसऱ्यानं त्यावर चकार शब्द काढायचा नाही. मुलं मजेत असतानाच निघायचं, रडू लागल्यावर नाही. "एवढे पैसे भरलेत तर अजून थोडं थांबू" हे वाक्य घरीच ठेवून जा.

प्रश्न: आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. बाबागाडीतून फिरवताना ऊन लागू नये म्हणून मी वरून पातळ ओढणी टाकते. सासूबाई म्हणतात, आत गुदमरेल. ऊन जास्त आहे हे ओळखायची काही खूण आहे का?

उत्तर: सासूबाईंचं बरोबर आहे. कापड पातळ असलं तरी ते हवा अडवतं आणि आतली उष्णता वाढत जाते. बाहेरून गार दिसणारी गाडी आतून तापलेली असते. छत्री लावा, गाडी सावलीत ठेवा, पण हवा खेळती राहू द्या आणि बाळ सतत दिसत राहू द्या.

खूण म्हणाल तर आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य डोक्यावर येत चालला, घरी चला. घसरगुंडीवर बसवण्याआधी तळहाताची मागची बाजू तिच्यावर टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर लहानाच्या कातडीला भाजेलच, आणि हे पत्र्याच्या घसरगुंडीइतकंच प्लास्टिकच्या घसरगुंडीलाही लागू आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि सुती कपडे बरे. त्यापुढच्या मुलांना लावायचं असेल तर निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा.

लहान मुलांचं अंग आपल्यापेक्षा फार लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्यांची त्वचा जास्त असते, घाम कमी येतो, आणि तहान लागली हे सांगण्याइतकं भान खेळताना नसतं. म्हणून पाणी मागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळानं पाजत राहायचं. मूल एकाएकी चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळू लागलं तर खेळ थांबवून सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. असंबद्ध बोलायला लागलं किंवा नीट जागं राहत नसेल, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून गार करत राहा.

आणि बंद गाडीत मूल एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं. काच दोन बोटं खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही.

प्रश्न: माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. सून त्याला पोहायच्या तलावावर नेते. दंडांत हवेचे फुगे घातले की ती काठावर बसून मैत्रिणींशी बोलते. मी काही म्हटलं तर "आई, तुम्ही उगाच घाबरता" असं उत्तर मिळतं. मी खरंच उगाच घाबरते का?

उत्तर: नाही काकू, या बाबतीत तुमचंच खरं आहे. आणि सुनेनं मुलाला पाण्यात नेणं हेही अगदी चांगलं आहे, तेव्हा विरोध पाण्याला करू नका.

बुडणारं माणूस हात हलवतं, ओरडतं, ही आपली समजूत. लहान मूल बहुतेक वेळा आवाज न करता बुडतं, कारण तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घ्यायलाच सवड नसते, हाक कुठून मारणार? त्याला खोल पाणीही लागत नाही, वीतभर पुरतं. दंडातले फुगे हे खेळणं आहे. ते निसटतात, त्यांतली हवा जाते. त्यांच्यावर विसंबायचं नाही. साडेतीन वर्षांचा मुलगा पाण्यात असेल तर एक मोठा माणूस त्याच्यासोबत पाण्यात हवा, हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. घोळक्यानं गेला असाल तर त्या वेळेपुरता पहारा कोणाचा हे मोठ्यानं बोलून ठरवा, कारण "सगळ्यांचं लक्ष आहे" म्हणजे कोणाचंच नाही. ज्याचा पहारा, त्याचा फोन पिशवीत.

आणखी एक बारकी गोष्ट. फिकट निळे, पांढरे स्विमसूट पाण्यात दिसेनासे होतात. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या. सुनेशी बोलताना सुरुवात इथून करा. नातवाला तुम्हीच नारिंगी स्विमसूट भेट द्या, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

प्रश्न: मी घरून काम करतो. दुपारनंतर चार वर्षांची लेक माझ्याकडे असते. आमच्याजवळ बाग नाही, इमारतीभोवती थोडीशी मोकळी जागा आहे. शिबिरात घालायचं वय नाही. काय करू?

उत्तर: थोडीशी मोकळी जागा भरपूर झाली. भिंतीच्या कडेला, जिथं पाऊस पडत नाही अशी कोरडी भुसभुशीत माती असेल, तर तिथं नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात का ते शोधा. सापडले तर तुमचं नशीब! प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मातीत दडून एक अळी बसलेली असते, फक्त जबडे बाहेर. मुंगी काठावरून आली की माती घसरते, कारण खड्ड्याचा उतार माती जेमतेम तग धरेल इतकाच ठेवलेला असतो. मुंगी वर चढू पाहते, अळी खालून माती उडवते. ही अळी पुढे चतुरासारखा दिसणारा पंखांचा कीटक होते. बालवाडीच्या मागच्या भिंतीपाशी असे खड्डे होते आणि सर्वांत दंगेखोर मूलही तिथं पोटावर झोपून गप्प व्हायचं. काडीनं खड्डा मोडला तर अळी दुसरा करते, पण रोज मोडायचा नाही एवढा नियम लेकीला सांगा.

ऊन कलल्यावर रंगाचा ब्रश आणि पाण्याचा डबा द्या आणि भिंत "रंगवायला" सांगा. चित्र वाळून नाहीसं होतं, पुन्हा काढता येतं, कोणी रागावत नाही. खडूनं तिच्या सावलीची कड आखा, तासाभरानं त्याच खुणेवर तिला परत उभी करा आणि सावली कुठे गेली ते तिलाच शोधू द्या. तुम्ही पृथ्वीच्या फिरण्यावर व्याख्यान देऊ नका, ती विचारेपर्यंत थांबा. अमावास्येनंतर साधारण आठवड्यानं दुपारी पूर्वेच्या आकाशात अर्धा चंद्र असतो. चंद्र रात्रीच निघतो असं तिला शाळेत कोणी सांगायच्या आत तो दाखवून ठेवा.

कामाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचारायला हवं होतं. तुमच्या बैठका चालू असताना हे काहीही जमणार नाही. अर्धा तास पूर्ण तिचा, मग अर्धा तास तिचा तिनं खेळायचा, अशी वाटणी करून पाहा.

प्रश्न: बागेतून निघताना रोज रडारड. "पाच मिनिटांत निघायचं" असं आधी सांगूनही मुलगा (वय तीन) आडवा पडतो. लोक बघतात.

उत्तर: लोकांना बघू द्या, त्यांनाही मुलं असतील. तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं कळत नाहीत. "अजून तीनदा घसरगुंडी, मग घरी" हे कळतं. तीनदा म्हणजे तीनदाच, चौथी नाही. निघताना त्याला काहीतरी काम द्या: बाटली त्यानं धरायची, फाटक त्यानंच लावायचं. तरीही आडवा पडला तर उचला आणि चालू लागा. वाटेत समजावत बसू नका, रडणाऱ्या मुलाला काही ऐकू जात नाही. घरी पोचल्यावर पाणी प्यायला द्या आणि आधी त्याच्या चपलांतली वाळू झटका, ती पलंगावर पोचायच्या आत.