22 हजारांचे कार्बन प्लेटवाले शूज, नऊ महिन्यांच्या ईएमआयवर?

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनची हाफ करायचीय, आठवड्याला 30 किमी पळणं होतं, किलोमीटरला सव्वासात मिनिटं लागतात. पळण्याच्या ग्रुपमधले म्हणतात कार्बन प्लेटवालेच घे, म्हणजे तळव्यात कडक कार्बनची पट्टी असलेले रेसचे शूज, 21,999 ला आहेत, नऊ महिने नो कॉस्ट ईएमआय. नवरा म्हणतो अठराशेला फर्स्ट कॉपी मिळते, दिसायला तीच. पगार हातात 58 हजार, त्यातून घराच्या हप्त्यात अर्धा वाटा, 5 हजारांची एसआयपी. ती एसआयपी चार-पाच महिने थांबवून रोख घेऊ का, असंही विचारलंय.

ताई, तिन्ही नको. तुम्ही याला एकदाची मोठी खरेदी समजताय, तिथंच हिशोब चुकतोय. नियमित पळणाऱ्याचे शूज म्हणजे लोकलचा पास, संपला की परत काढायचा. साधा चांगला ट्रेनिंग शू 500 ते 800 किमी चालतो, आपण 600 धरू. तुमचे महिन्याला 130 किमी होतात, म्हणजे पाच महिन्यांच्या आतच जोडी संपली. वर्षाला 1,560 किमी, अडीचच्या वर जोड्या. जोडी 9 हजारांची धरली तर किलोमीटरला 15 रुपये आणि वर्षाला 23 हजारांच्या वर, म्हणजे महिन्याला जवळजवळ 2 हजार. हा तुमच्या छंदाचा खरा खर्च, आणि ग्रुपमध्ये कोणी तो सांगत नाही कारण कोणी कागदावर मांडलेलाच नसतो.

आता कार्बनवाले बघा. त्यांचा फोम हलका, उसळी मस्त, पण तो लवकर बसतो, 300-400 किमीत मजा जाते. 350 धरले तर किलोमीटरला 63 रुपये. तेच रोज घालून पळालात तर तीन महिन्यांत शूज संपले आणि हप्ते अजून सहा बाकी! आणि फायदा किती, तर जो 4 टक्के ऊर्जा वाचल्याचा अभ्यास सगळे सांगत फिरतात तो ताशी 14, 16 आणि 18 किमी वेगाला झालेला, तुमचा वेग आहे सव्वाआठच्या आसपास. तुमच्या वेगाला तेवढाच फायदा मिळेल असं धरून 22 हजार लावायचे हे मला पटत नाही. खूप हौस असेल तर बोनस आल्यावर घ्या, रोख, आणि फक्त रेससाठी, हौसेला माझी ना नाही.

नो कॉस्टचंही सांगतो. व्याज असतंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढा डिस्काउंट दाखवून ते झाकते, आणि रिझर्व्ह बँकेनेही 2013 मध्येच झिरो टक्के व्याज असं काही नसतं म्हणून बँकांना सुनावलं होतं. त्या झाकलेल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, वर प्रोसेसिंग फी. व्याज 16 टक्के आणि फी 199 धरली तर 21,999 वर नऊ महिन्यांत पाचशेच्या आसपास जास्त. रक्कम छोटी आहे हो, पण हप्ता क्रेडिट कार्डावर असेल आणि एखादा महिना बिल पूर्ण भरलं नाही की मग वर्षाला 36-42 टक्क्यांचं मीटर पडतं, भीती त्याची आहे.

दाजींना सांगा, पैसे वाचवायचा विचार बरोबर, वस्तू चुकली. फर्स्ट कॉपीत वरचं कापड आणि लोगो मिळतो, आतला फोम कसला ते कोणालाच माहीत नाही, आणि आपण पळतो काँक्रीटवर. गुडघा धरला तर फिजिओच्या दोन-चार सिटिंगमध्ये वाचवलेले पैसे गेले.

एसआयपी थांबवली तर आभाळ कोसळत नाही. पण खर्च दर पाच महिन्यांनी येणार, मग दर वेळी थांबवणार का?

मी काय करेन, तर आत्ता गणपती झालेत, दिवाळीचे सेल लागतील, त्यात ट्रेनिंग शूचं मागचं मॉडेल धरेन. नाइकीचा पेगासस, ब्रूक्सचा घोस्ट, असिक्सचा नोव्हाब्लास्ट, सगळ्यांचे दरवर्षी-दीड वर्षाने नवे नंबर येतात आणि जुन्याचा भाव उतरतो, फरक बहुतेकदा आपल्यासारख्यांना कळतही नाही. साडेसहा हजारांत जमलं तर महिन्याचा खर्च 2 हजारांवरून 1,400 वर येतो. पण ऑनलाइन भाव बघून डोळे मिटून मागवू नका, आधी दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, पळायचे मोजे घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सेल्समन कितीही सांगू दे, पहिल्या मिनिटाला टोचला तो शू नको. आणि डिसेंबरच्या आत घ्या, रेसच्या दिवशी कोरे शूज घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

पावसाळ्यात ओला जोड सुकायला मुंबईत दोन दिवस लागतात, त्यामुळे दुसरी जोडी लागतेच, पण ती पहिलीच्या मध्यावर घ्या, एकदम दोन नको.

पैशाचं म्हणाल तर पगार झाला की 2 हजारांची आरडी लावून टाका, नाव 'शूज' ठेवा. पहिली जोडी मात्र या एक-दोन महिन्यांच्या खर्चातूनच काढावी लागेल, त्यासाठी दोन महिने बाहेरचं जेवण आणि रविवारच्या रननंतरचा ग्रुपचा ब्रेकफास्ट बघा काय करता येतंय ते.