डार्करूमचं सिंक: आधी ट्रे मांडून बघा

डार्करूमसाठी, म्हणजे फोटोचे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीसाठी, प्लायवूडचं सिंक घरीच करताय, चांगलंच आहे. पण लाकूड कापण्याआधी ट्रे जमिनीवर ओळीने मांडून बघा: डेव्हलपर (कागदावर चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप बाथ (ते उमटणं थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि धुण्याचा. ८×१० इंची प्रिंटसाठी सव्वा मीटर लांबी पुरते. पण ११×१४ची हौस पुढेमागे येतेच, तेव्हा जागा असेल तर लांबी वाढवूनच धरा. सिंकची खोली १५ सेंटिमीटर पुष्कळ झाली.

प्लाय मरीन ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या. खरी मेहनत सांध्यांवर करायची. फटी एपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायची, सुकून कडक होणारी राळ) भरा, कोपऱ्यांत फायबरग्लासची पट्टी बसवा आणि मग आतून एपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. कापलेल्या कडा आणि निचऱ्याचं भोकही नीट रंगवा. पाणी नेमकं तिथून शिरतं आणि प्लाय फुगतो. साधा ऑइलपेंट इथे टिकत नाही, कोणी काहीही सांगो.

तळाला निचऱ्याकडे मीटरला साधारण १ सेंटिमीटर उतार द्या. मग ट्रे तिरके बसतील, म्हणून खाली उताराच्या मापाने तासलेल्या पट्ट्यांची जाळी ठेवा. पाइप पीव्हीसीचाच. वापरलेला फिक्सर मात्र सिंकमध्ये ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते, तो वेगळ्या कॅनमध्ये साठवा.