स्कॉटलंडच्या फुटबॉल लीगमध्ये वरच्या श्रेणीत १२च संघ का? चाहते १६-१८ संघ करा म्हणून इतकी वर्षं भांडतायत, मग करत का नाहीत?

ग्लासगोत राहतो आणि शनिवारी दुपारी तीन वाजता फरहिलला, म्हणजे पार्टिक थिसलच्या मैदानावर, कुडकुडत बसतो. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचं खूळ इथे येऊन लागलेलं नाही. तुमच्या प्रश्नावरचा वाद मात्र इथे दर हंगामात ऐकतो.

आधी सध्याची पद्धत. १२ संघ एकमेकांशी तीन-तीनदा खेळतात, म्हणजे ३३ सामने झाले. मग गुणतक्ता मधोमध कापतात. वरचे सहा आपापसात, खालचे सहा आपापसात, आणखी पाच-पाच सामने. एकूण ३८. यात गंमत अशी की सातव्या संघाचे गुण शेवटी सहाव्यापेक्षा जास्त झाले तरी तो सातवाच. हे भावाला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली होती आणि शेवटी त्याने विषय बदलून आयपीएलवर नेला.

चाहत्यांची तक्रार साधी आहे: त्याच त्या संघांची तोंडं वर्षात तीनदा-चारदा बघायची, वर कपमध्ये पुन्हा गाठ पडली तर पाचव्यांदा. माझ्या मागच्या रांगेत एक आजोबा बसतात, निवृत्त बस ड्रायव्हर. हाफ टाइमला पाय खातात. (पाय म्हणजे मटणाचा खिमा भरलेली कडक कवचाची गोल वडी. घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं, इथेही लोक पायाचं सूप पितात.) तो संपला की त्याच्या तेलकट कागदावर बॉलपेनने आडव्या रेघा मारतात: १८ संघ, ३४ सामने, प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर, विषय संपला. पेन तेलावर उमटत नाही, म्हणून दाबून लिहितात आणि कागद फाटतो.

फाटलेल्या कागदावरचं गणित चुकीचं नाही, अपुरं आहे. ३४ सामने म्हणजे घरच्या मैदानावर १७, १६ संघ केले तर १५. आज साधारण १९ मिळतात. कमी झालेल्या प्रत्येक सामन्याबरोबर तिकिटाचा गल्ला गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स, ग्लासगोतले दोन बलाढ्य क्लब. आज हे दोघं छोट्या क्लबच्या मैदानावर वर्षातून एकदा तरी येतातच, कधी दोनदा. त्या दिवशी पाहुण्यांचा स्टँड भरतो आणि क्लबच्या हिशेबाच्या वहीला थोडा श्वास मिळतो. १८ संघ झाले की प्रत्येकी एकच फेरी, नक्की. आणि या दोघांची आपसातली झुंज आज लीगमध्ये चारदा होते, ती दोनदाच होईल. टीव्हीवाले पैसे मोजतात ते मुख्यतः तिच्यासाठी. कोल्हापूरकराला हे फोडून सांगावं लागत नाही. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ हा सामना चारदा लावायची सोय असेल, तर दोनदा कोण लावील?

तरी ‘पैशामुळे अडलंय’ एवढंच उत्तर मला पटत नाही. अडलंय ते मतांमुळे. रचना बदलायची तर ठराव क्लबांनीच करायचा, आणि प्रत्येक क्लब मत देताना आधी तक्त्यात स्वतःची जागा बघतो.

२०१३चं उदाहरण घ्या. आराखडा होता १२-१२-१८, म्हणजे वरून खाली तीन श्रेणींत इतके संघ. वरच्या दोन श्रेणी २२ सामन्यांनंतर एकत्र करून आठ-आठच्या तीन गटांत वाटायच्या. वरच्या १२ पैकी ११ क्लबांची संमती हवी होती. सेंट मिरन आणि रॉस काउंटी विरोधात गेले, १०-२ झालं आणि आराखडा बारगळला. दहा जण ‘हो’ म्हणतायत आणि ठराव पडतोय, असली लोकशाही! त्या उन्हाळ्यात दोन वेगळ्या लीग संघटनांची मिळून एक झाली खरी, पण श्रेणी राहिल्या १२-१०-१०-१०.

मग २०२०. कोविडने मार्चमध्ये हंगाम थांबला. एप्रिलमध्ये खालच्या तीन श्रेणींचा निकाल तिथेच लावायचा ठराव आला आणि सगळं डंडी या एका क्लबच्या मतावर येऊन थांबलं. त्यांचं ‘नाही’चं मत ईमेलने पाठवलेलं, पण पोचलंच नाही. मग म्हणाले, ते धरू नका. शेवटी ‘हो’ म्हणाले. पबमध्ये आजही ‘डंडीचा ईमेल’ म्हटलं की हशा पिकतो. सामन्यामागे सरासरी गुण काढले गेले. थिसल दुसऱ्या श्रेणीत तळाला होते, पण शेवटून दुसऱ्या संघापेक्षा दोनच गुणांनी मागे होते आणि त्यांचा एक सामनाही कमी झाला होता, तरी ते खाली गेले. पुढे वरच्या श्रेणीतून हार्ट्सही गेले, चार गुणांनी मागे, आठ सामने बाकी असताना. कोणालाच खाली न ढकलता १४-१०-१०-१० करू, असा तोडगा निघाला. जूनमध्ये ४२ क्लबांचा कौल घेतला, बाजूने फक्त १६.

आमच्या स्टँडमध्ये तेव्हा फार संताप होता. पण खरं सांगू? खड्ड्यात दुसरा कोणी असता आणि आम्ही काठावर असतो, तर आम्हीही हात खालीच ठेवला असता. आजोबांनी हे मान्य केलं नाही. दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

भारतात तर मतापर्यंतही गोष्ट आली नाही. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने आयएसएलला (इंडियन सुपर लीग) तोवरच्या मुख्य आय-लीगच्या वर बसवायचा आराखडा मांडला, तेव्हा गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधूनच अंग काढून घेतलं.

स्कॉटलंडमध्ये बदललं ते तळाला, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पूर्वी लीगचं दार नव्या क्लबाला कधीतरी, मतदानानेच उघडायचं. २०१४-१५ पासून तळाच्या संघाला बाहेरच्या लीगांमधल्या विजेत्याशी प्लेऑफ, म्हणजे कोण आत राहणार हे ठरवणारे सामने, खेळावा लागतो. त्यातून एडिनबरा सिटी, कोव्ह रेंजर्स, केल्टी हार्ट्स आत आले. ईस्ट स्टर्लिंगशर, बेरिक रेंजर्स, ब्रीकिन बाहेर गेले. यातलं बेरिक हे गाव तर इंग्लंडमध्ये आहे, तरी क्लब कित्येक दशकं स्कॉटिश लीगमध्ये खेळला.

वर मात्र दार अजून किलकिलंच. थेट खाली जातो तो एकच संघ, बारावा. अकराव्याला फक्त शेवटचा प्लेऑफ, दोन सामने. उलट दुसऱ्या श्रेणीतल्या चौथ्याला वर यायला सहा सामने खेळावे लागतात. २०२३ मध्ये थिसल तसेच सहा खेळले. शेवटच्यात, डिंगवॉलला, रॉस काउंटीविरुद्ध दोन्ही सामने मिळून ३-० पुढे, जेमतेम २० मिनिटं उरलेली. तेवढ्यात तीन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर हरले. मी पुढच्या सीटची पाठ धरून बसलो होतो, हे शिट्टी झाल्यावर बोटं दुखायला लागली तेव्हा कळलं.

म्हणून माझं मत असं की आकड्याचा हट्ट सोडा, १२ तर १२. दोन संघ थेट खाली, दोन थेट वर, एवढं करा. ठरावाला मतं मिळायचीच झाली तर यालाच मिळतील, कारण कोणाचा घरचा सामना कमी होत नाही. मागच्या शनिवारी आजोबांना हे सांगितलं. त्यांनी पायाचा कागद पुढे केला आणि म्हणाले, ‘लिहून दे. आपण वर जाऊन अकरावे आलो की तुला दाखवतो.’