मार्क सिक्सवर ‘एनफिल्ड’चा शिक्का, आणि पोलीस थान्यात जमा करण्याआधी एवढं करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि कपाटातून वडिलांची वही काढून बसलो. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतलं घर, आजोबांची वेबली, म्हणजे ब्रिटिश सैन्यातली जुनी रिव्हॉल्वर, वरून मोडून उघडणारी. वरच्या पट्टीवर ‘मार्क सिक्स’, बॉडीच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली ‘एनफिल्ड’ आणि १९२३. लायसन्स तुमच्या वडिलांच्या नावावर, त्यांचं वय ७४, ते आता तुमच्या नावावर व्हायला हवंय. बंदूकवाला म्हणतो, सगळ्या वेबल्या सारख्याच, बफ मारून, म्हणजे चाकावर घासून, नवा रंग चढवून देतो. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करावं लागणार.

पॉलिश करू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण आमच्या ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या घरातही अशीच एक वेबली होती, आणि तिचं जे झालं ते तुमच्या हत्याराचं होऊ नये असं मनापासून वाटतं. मी वकील नाही, लायसन्सवाला गनस्मिथही नाही. बरीच वर्षं या एकाच जातीच्या रिव्हॉल्वरांचे ठसे वाचत आलोय, तेवढ्या अधिकारानं लिहितोय. उघडून रिकामी आहे का बघणं वगैरे वडिलांना माहीत असणारच, ते सोडतो.

आधी तुमचं हत्यार. ‘सगळ्या वेबल्या सारख्याच’ हे चूक आहे. मार्क सिक्स हे मॉडेल ब्रिटिश सेनेनं २४ मे १९१५ ला स्वीकारलं आणि पहिल्या महायुद्धात वेबली अँड स्कॉटनं बर्मिंगहॅममध्ये ती लाखांनी बनवली. त्या नगांवर बॉडीच्या डाव्या अंगाला ‘वेबली’, ‘पेटंट्स’ आणि साल असतं. पण १९२१ पासून १९२६ पर्यंत हेच मॉडेल इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलं. युद्ध संपलेलं, गरज कमी, म्हणून ते नग त्या मानानं फारच थोडे. त्यांची खूण म्हणजे तुम्ही लिहिलीत तीच: उजवीकडे मुकुट, कारखान्याचं नाव, साल. तेव्हा तुमच्याकडचं १९२३ हे साल मार्क सिक्सच्या गर्दीतलं नाही. मात्र नळी, बॉडी आणि सिलिंडर (गोळ्या बसतात तो फिरणारा भाग) तिन्ही एकाच कारखान्यातले आहेत का, हे बघितल्याशिवाय पुढचं काही बोलू नये. दुरुस्तीत वेबलीची नळी एनफिल्डच्या बॉडीवर बसलेली असू शकते.

मार्क ओळखताना नुसत्या पट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नका. मार्क वनपासून, म्हणजे १८८७ पासून, मार्क फाइव्हपर्यंत मूठ खाली पोपटाच्या चोचीसारखी वळलेली आणि नळी सहसा चार इंची. मार्क सिक्सला मूठ चौकोनी, नळी सहा इंची, आणि नेम धरायची पुढची पाती स्क्रूनं काढता येणारी. पट्टीवरच्या आकड्यापुढे चांदणी दिसली तर ती कारखान्यानं नंतर केलेल्या बदलाची खूण असते. जुन्या मार्क वनच्या बॉडीत सिलिंडरच्या मागे कडक पोलादाची पट्टी बसवली की ती ‘मार्क वन एक चांदणी’ होते. अशा चांदण्यांना ‘कुणीतरी नंतर ठोकलंय’ म्हणून नाकारणारे लोक मी पाहिलेत. मग चांगली वस्तू वाया जाते.

आता बाण. सरकारी मालावर रुंद टोकाचा बाण असतो. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल सरकारी खात्यातून रीतसर विकला गेलाय. बाण मुळीच नसेल तर नकली समजू नका. त्या काळी अधिकाऱ्याला कमरेचं हत्यार स्वतःच्या पैशानं घ्यावं लागे, फक्त सैन्याचं काडतूस त्यात बसलं पाहिजे एवढी अट. म्हणून अशा नगांवर फक्त बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे मुकुटवाले ठसे दिसतात, आणि कधी पट्टीवर विकणाऱ्याचं नाव, आर्मी अँड नेव्ही सोसायटीचं किंवा विल्किन्सनचं. आपल्याकडे संस्थानी फौजेतल्या घराण्यांत असे खासगी नग असणं अगदी स्वाभाविक आहे. माझं स्पष्ट मत असं की विल्किन्सनच्या नावाची स्वच्छ वेबली साध्या युद्धकालीन मार्क सिक्सपेक्षा कितीतरी वरची. यावर वाद घालणारे घालतीलच.

फॉसबेरीबद्दल, म्हणजे वेबलीच्याच स्वयंचलित रिव्हॉल्वरबद्दल, कुणीतरी विचारणारच, म्हणून एवढंच: सिलिंडरवर नागमोडी खाचा नसतील तर ती फॉसबेरी नाही. आठ गोळ्यांची .३८ वाली तर संग्रहालयाच्या काचेपलीकडेच दिसण्याची शक्यता जास्त.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

आमची होती मार्क फाइव्ह. हे मॉडेल ९ डिसेंबर १९१३ ला आलं आणि दीड वर्षात मार्क सिक्सनं त्याची जागा घेतली. सगळे मिळून सुमारे २०,००० नग. मार्क फोरशी अगदी जुळणारी, फरक एवढाच की नव्या धूररहित दारूसाठी सिलिंडर ०.१२ इंचानं जाड केलेलं. म्हणजे मार्क फाइव्हची सगळी ओळख त्या सिलिंडरात आहे. आमच्या नगाच्या बॉडीवर आणि सिलिंडरवर एकच नंबर होता. वडिलांनी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून नंबराची छाप वहीत घेतली होती. ती वही आत्ता समोर आहे.

एका निवडणुकीत हत्यार जमा झालं. कुठे ते लिहीत नाही, ग्वाल्हेरचे लोक ओळखतील आणि माझा रोष माणसांवर नाही, पद्धतीवर आहे. वडिलांनी काउंटरवरच विनंती केली की पावतीत सिलिंडरचा नंबरही लिहा, मार्क लिहा. बाबूनं सांगितलं, रकाना एकच आहे, बॉडीचा नंबर पुरे. पावतीवर आलं: ‘रिव्हॉल्वर वेबली, १ नग’, आणि पुढे बॉडी नंबर. हत्याराला सुतळीनं जो पुठ्ठ्याचा तुकडा बांधला त्यावर तर तेवढंही नव्हतं. निकालानंतर परत घ्यायला गेलो तेव्हा मालखान्यात बरीच हत्यारं एका टेबलावर उघडून, पुसून ठेवलेली होती. साफसफाई झाली होती म्हणे. आमची हातात आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वडिलांनी तिथेच कागद सोडला, चष्मा वर केला आणि सिलिंडर बोटानं फिरवलं. बॉडीवरचा रंग कडांना झिजून राखाडी झालेला, आणि सिलिंडरच्या खाचांच्या कडा मात्र काळ्याभोर. नंबरातल्या सातच्या अंकाला आमच्याकडे आडवी रेघ नव्हती, याला होती. मुळात नंबरच दुसरा होता.

मार्क सिक्सचं सिलिंडर मार्क फाइव्हमध्ये बसतं. पुसताना दोन हत्यारं शेजारी उघडी होती आणि सिलिंडरांची अदलाबदल झाली, याहून वेगळं काही घडलं असेल असं मला वाटत नाही. चोरी नाही, कट नाही. पण आम्ही बोट दाखवल्यावर उत्तर आलं, ‘बॉडीचा नंबर जुळतो ना? मग हत्यार तुमचंच.’ लेखी अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला, उत्तर नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं त्या दिवशी जमा असलेल्या बाकी वेबल्यांबद्दल, तर कळवलं की सुट्या भागांचे नंबर अभिलेखात नाहीत. खरंच होतं, कारण त्यांनीच ते लिहायला नकार दिला होता. दुसऱ्या घराला तर आपल्या मार्क सिक्समध्ये परकं सिलिंडर आहे याचा पत्ताही नसेल. एकाच सकाळी दोन हत्यारं बिघडली, आणि तीही एक ओळ जास्त लिहिली नाही म्हणून. वडील गेले तोवर हा विषय निघाला की ते गप्प होत. मला आजही राग येतो, लपवत नाही. ग्वाल्हेर-चंबळात लायसन्सी हत्यारं किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, दर निवडणुकीला ती जमा होतात, आणि आपल्याकडच्या पावतीत एक रकाना वाढत नाही.

ग्वाल्हेरात कुणाच्या मार्क सिक्सच्या सिलिंडरवरचा नंबर बॉडीशी जुळत नसेल तर कृपा करून मला निरोप द्या. वहीतली छाप ताडून बघू.

तर ताई, जमा करायच्या आधी हे करा. बॉडीचे दोन्ही अंग, पट्टी, सिलिंडरचा नंबर, मुठीचे स्क्रू, सिलिंडरची मागची बाजू, सगळ्याचे फोटो. ठसा उथळ असेल तर खडूची पूड बोटानं हलकी चोळा आणि टॉर्च एका बाजूनं तिरपा धरा, अक्षर उठून येतं. मग या सगळ्या नंबरांची यादी साध्या कागदावर, ‘सोबत फोटो जोडले आहेत’ असं लिहून, जमा करतानाच अर्जासारखी द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. पावतीत लिहीत नाहीत तर नाही, तुमच्या कागदावर पोच तर देतील. पोलिसांऐवजी लायसन्सवाल्या दुकानदाराकडे ठेवायची मुभा आदेशात असेल तर माझं मत दुकानदाराकडे ठेवा, पण तिथेही हाच कागद. आणि तो बफवाला असेल तर त्याच्याकडे मुळीच नको.

बफबद्दल एवढा कडक का, तर चाक फिरलं की ठशांच्या कडा गोल होतात, ‘एनफिल्ड’ आणि १९२३ ही अक्षरं बशीसारखी खोलगट दिसू लागतात आणि उथळ चाचणीठसे तर पुसूनच जातात. तुमच्या हत्याराचं वेगळेपण त्या ठशांतच आहे. गंज दिसतोय तिथे शिलाई मशीनचं तेल आणि जुन्या सुती साडीचा तुकडा, बस. एमरी पेपर नको, लिंबू-चिंच तर नकोच.

लायसन्सचं. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ वाचा: धारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, त्याला हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. वडिलांचं वय बसतंय, तेव्हा हे काम आत्ताच करा. नाहीतर धारक गेल्यावर मागे राहिलेल्यांना हत्यार तातडीनं जमा करून वारसांच्या ना-हरकतीसाठी धावावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, वारशाचं धरून, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या वेबलीचा .४५५ हा सैन्याचा बोअर, म्हणजे काडतुसाचं माप, त्यामुळे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये धरतात. फाइल जिल्ह्यावर संपत नाही, केंद्राकडे जाते, वेळ लागतो. लायसन्सवर बोअर काय लिहिलाय ते नीट तपासा. कारकुनानं ‘.४५’ लिहून ठेवलं असेल तर हस्तांतराच्या वेळी त्यावरून घोळ होतो. हे सगळं एखाद्या जाणत्या वकिलाकडून पडताळून घ्या, माझ्या शब्दावर अर्ज करू नका.

एक गैरसमज मात्र ठामपणे खोडतो, कारण तुमच्या प्रश्नाखाली कुणी तरी तसं लिहिलंय. ‘शंभर वर्षं जुनं झालं की लायसन्स लागत नाही’ हे खरं नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुन्या किंवा नादुरुस्त हत्याराला आहे, पण ते दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशाच अवस्थेत असलं पाहिजे. तुमची वेबली चालती आहे. तिला ही सूट लागू होत नाही.

किमतीचं विचारलंत. परदेशी लिलावांचे आकडे बघू नका, आपल्याकडे त्यांना अर्थ नाही. इथे घेणारा लायसन्सवालाच हवा, परवानगी हवी, आणि प्रतिबंधित बोअरला गिऱ्हाईक जवळपास नाहीच. मी तर म्हणेन विकूच नका. आणि त्या आकड्यांत एक फसगत असते: अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच वेबल्यांची सिलिंडरं मागून घासून .४५ एसीपी या अमेरिकी काडतुसासाठी केलेली आहेत. तशा नगाला संग्राहक हात लावत नाहीत, शिवाय ते काडतूस या बॉडीला झेपेल असं नाही. तुमच्या सिलिंडरची मागची बाजू बॉडीइतकीच जुनी दिसते की चकचकीत कापलेली, हे म्हणूनच फोटोत हवं.

चामड्याचं म्यान असेल तर हत्यार त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि रंग खातं. पण म्यान टाकूही नका. झडपेच्या आतल्या बाजूला शाईनं नाव, पलटण, साल लिहिलेलं असतं, तेवढ्यावरून आजोबांपर्यंत ती कशी आली याचा माग लागू शकतो.

फोटो इथे टाकलेत तर बघून नक्की सांगतो. फक्त नंबराचे शेवटचे तीन आकडे झाकून टाका, आणि घराचा पत्ता कळेल असं काही मागे दिसू देऊ नका.