चोक काढला की चेन सॉ बंद पडते. कार्बोरेटर साफ करू की नवीन टाकू?

तुम्ही लिहिलंय की मशीन चोकवर दोन-तीन झटक्यांत उठते आणि चोक काढला की बसते. मेव्हण्यानं दिवाळीत नेली होती, परत आल्यापासून हे सुरू झालं. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर गेला, नवीन टाका.

कार्बोरेटर गेलेला नाही. तो धातूचा ठोकळा आहे, असा बसल्या जागी जात नसतो. आतले रबरी पडदे जातात आणि जाळी तुंबते. दीडशे रुपयांचं किट आणि दोन तासांचं काम आहे. मलाही जालन्याच्या मोंढ्यातल्या एका मिस्त्रीनं हेच सांगितलं होतं, वर साडेसातशे रुपये मागितले होते. मी दिले नाहीत. त्याच कार्बोरेटरवर माझी मशीन आजही चालते.

तुमच्या प्रश्नात मेव्हणा आला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी उत्तरं फारशी लिहीत नाही.

आमचं गाव अंबडकडचं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची तीन एकरातली मोसंबी वाळली, सव्वातीनशे झाडं. टँकरनं पाणी घालून घालून शेवटी हात टेकले. ती झाडं कापायला म्हणून २०१३ मध्ये ही अठ्ठावन्न सीसीची मशीन घेतली. माझ्या मशीनचं पहिलं काम स्वतःची बाग कापायचं होतं, एवढं सांगितलं की ती मला काय आहे ते कळेल. पुढं गावात कुठं लिंब पडला, बांधावरची बाभूळ काढायची झाली, की मलाच बोलावणं येऊ लागलं. बारा वर्षांत मशीननं कधी तोंडघशी पाडलं नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मी औषधाच्या मापानं टाकतो, लिटरला ४० मिली. माझ्या मशीनवर २५ ला १ लिहिलंय, म्हणून तेवढंच. ना कमी, ना जास्त.

२०२५ ला होळी झाल्यावर माझ्या चुलतभावानं मशीन नेली. आम्ही त्याला अण्णा म्हणतो, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पाडव्याला परत आणून दिली, पुसून-बिसून. टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल तसंच होतं. मी ते काढलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी आधीच कबूल करतो. आखाड्यावर पत्र्याखाली एप्रिलच्या उन्हात मशीन दोन महिने पडून राहिली.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला हे तुम्हाला आठवत असेल. त्याच पावसात भावकीतली म्हातारी माय वारली. आमची मोसंबी कापताना बांधावर बसून इळभर रडली होती ती हीच माय. मातीची तयारी सुरू झाली. सरणाला साडेतीन-चार क्विंटल लाकूड लागतं, आणि गावात जे फोडलेलं होतं ते सगळं भिजलेलं. आमच्या धुऱ्यावर वाळलेली बाभूळ आडवी पडलेली होती, तीच कापायची ठरली. पंचवीस-तीस माणसं तिथं उभी. मी दोरी ओढली. मशीन उठली, चोक काढला, बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. वीस वेळा तरी ओढली असेन. हाताला फोड आला. प्लग काढून पुसला, बदलला, तरी तेच.

अण्णा सगळ्यांसमोर म्हणाला, "ऑइल टाकीत न्हाई रे हा नीट. चार पैशे वाचवायला मशीन मारली यानं."

मी काही बोललो नाही. मातीचा दिवस होता. लोकांनी कुऱ्हाडी आणल्या, मीही एक घेतली. दोन तास लागले. मायला उशीर झाला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

सावडणं झालं त्या रात्री मी मशीन खोलली. सगळ्यात आधी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून बॅटरीच्या उजेडात आत पिस्टन बघितला. ऑइल कमी पडलं असेल तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, लपत नाहीत. माझा पिस्टन साफ होता, एक रेघ नाही. आणि ऑइल कमी पडल्यानं मशीन चोकवर उठून चोक काढल्यावर बसत नसते. ती गरम होते, आवळते, जाम होते. चोकवर चालून नंतर बसणं म्हणजे सरळसरळ पेट्रोल कमी पोचतंय. चोक लावला की हवेचा रस्ता आवळतो आणि ओढ जोरात बसते, त्या ओढीनं अर्धवट तुंबलेल्या रस्त्यातूनही पेट्रोल येतं. चोक उघडला की ओढ कमी आणि पेट्रोल बंद. एवढी साधी गोष्ट आहे. अण्णाला कळली नाही, मिस्त्रीनंही सांगितली नाही.

मग टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. रंग चहासारखा, वास आंबूस, आणि खाली बोटभर गढूळ थर वेगळा बसलेला. तो थर पाण्याचा आणि इथेनॉलचा. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सुरुवात झाली, २०२५ पर्यंत सगळीकडं तेच आलं. इथेनॉल आपल्याच उसाचं, मक्याचं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ते पाणी धरतं. हवेतला दमट, सैल झाकणातून गेलेला पाऊस, सगळं धरतं, आणि पाणी जास्त झालं की पाण्यासकट खाली बसतं. टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाला असतो. म्हणजे ऑइल मापात टाकलं असलं तरी मशीनच्या तोंडी बिनऑइलचा थर जातो. मी ४० मिली टाकायचो ते खरं, आणि तरीही दोन महिन्यांचं पेट्रोल मशीन मारू शकतं हेही खरं. ती बाटली बूच लावून मी बाहेरच्या खोलीच्या फडताळात ठेवलीय.

कार्बोरेटर एकदा पाहिला की भीती जाते. काडेपेटीहून जरा मोठा. दोन लांब बोल्ट, पेट्रोलची नळी, रेसचा दांडा एवढं सोडवलं की हातात येतो. मी तो परातीत घेऊन बसलो, कारण आत एक इवलीशी स्प्रिंग असते, ती उडाली की रात्र शोधण्यात जाते. माझ्याच्या एका बाजूच्या झाकणाला एकच स्क्रू आहे, ती पंपाची बाजू. ते झाकण काढलं की खाली टिकलीएवढी जाळी दिसते. माझी जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर बाभळीच्या डिंकासारखा तपकिरी चिकटा होता. सुईच्या टोकानं कडेनं उचलून काढली आणि साफ पेट्रोलात टाकली. दुसऱ्या बाजूला चार स्क्रू आणि त्याखाली मोठा पडदा. हा पडदा बोटानं दाबला तर रबरासारखा मऊ लवायला पाहिजे. माझा वाळलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा कडकड वाजला. पडदा असा कडक झाला की तो खालच्या पट्टीला दाबत नाही, पेट्रोल आत सोडणारी बारीक सुई, म्हणजे नीडल, उघडत नाही, पेट्रोल येत नाही. जाळी तुंबलेली आणि पडदा कडक, मशीनची बिचारीची काय चूक?

एल (कमी रेसचं पेट्रोल) आणि एच (पूर्ण रेसचं पेट्रोल) हे जुळवणीचे स्क्रू काढण्याआधी ते आतल्या बाजूला हलकेच टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते कागदावर लिहा. माझे सव्वा आणि एकाला थोडं वर होते. लिहिलं नाही तर नंतर अंधारात चाचपडणं आलं. आवळू मात्र नका, टोक चेपलं की ते कायमचं. सगळं रबर काढून बाजूला ठेवल्यावरच कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारायचा, तो रबराला खातो. एलच्या भोकात फवारा मारला की गळ्यातल्या झडपेजवळच्या बारीक भोकांतून धार बाहेर आली पाहिजे. तिथं नजर ठेवा. धार आली नाही तर एक तास भिजू द्या, पुन्हा मारा, मग पंक्चरवाल्याकडं हवा मारून घ्या. तार घालू नका. सुई घालू नका. मोंढ्यातल्या त्या मिस्त्रीच्या टेबलावर क्लचवायरच्या तारेचा तुकडा ठेवलेला मी डोळ्यांनी बघितला. भोक एकदा मोठं झालं की मग खरंच नवीन टाकावा लागतो, आणि मग तो म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं.

बसवताना लोक एक चूक हमखास करतात. मोठ्या पडद्याच्या बाजूला आधी पॅकिंग, त्यावर पडदा. पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा, मग पॅकिंग. खोलताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तोच खरा. नीडलच्या वरची पट्टी खोलगट जागेच्या तळाशी समपातळीत पाहिजे, स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. वर राहिली तर मशीन पेट्रोल पिते, खाली गेली तर उपाशी राहते.

नीडल बसते की नाही ते मी आईच्या जुन्या बीपीच्या मशीनच्या पंपानं बघितलं. नळी कार्बोरेटरच्या निपलला लावली आणि काटा २०० वर नेला. आईनं चहा केला, आम्ही प्यायलो, काटा जागेवरच. काटा सरकत खाली आला असता तर नीडल बदलायची होती, किटमध्ये ती असतेच.

सकाळी नवीन फिल्टर, ताजं पेट्रोल, ४० मिली ऑइल. तिसऱ्या झटक्याला उठली. चोक काढला. चालू राहिली. मी त्याच धुऱ्यावर जाऊन बाभळीचं उरलेलं खोड कापलं, आवाज गावात जाईल असं. अण्णाच्या घरापर्यंत गेला असणार, वारा तिकडचाच होता.

पिस्टन, पडदा, बाटली, तिन्ही मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "असंल बाबा." एवढंच. लोकांसमोर बोललेलं त्यानं लोकांसमोर मागं घेतलेलं नाही. मशीन आजही तो मागतो आणि मी देतो, भाऊच आहे. पण टाकी कोरडी करून देतो, सोबत अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिसळलेलं पेट्रोल वेगळं. परत घेताना टाकी त्याच्यासमोर उलटी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. याचा त्याला राग येतो. येऊ द्या.

हे आधी सांगायला हवं होतं, पण कार्बोरेटर खोलायच्या आधी दोन गोष्टी बघा. टाकीचं झाकण जरा सैल करून मशीन चालवा. सैल केल्यावर चालली तर टाकीला हवा घ्यायचं भोक तुंबलंय, कार्बोरेटरला हातही लावू नका. आणि फिल्टरपासूनची नळी वाकवून बघा, तडा असेल तर ती हवा ओढते. हे सगळं करूनही, कार्बोरेटर साफ करूनही मशीन तशीच वागली, रेस आपोआप वर-खाली होत राहिली, तर हवा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, सीलमधून येत असेल. ते घरी होण्यातलं काम नाही, तिथं चांगला मिस्त्रीच लागतो. मी सगळ्या मिस्त्र्यांना नावं ठेवत नाही. स्टील (Stihl) कंपनीच्या एम-ट्रॉनिकवाल्या, म्हणजे पेट्रोल आपोआप जुळवणाऱ्या, मशीनला एल-एचचे स्क्रू नसतात, तुमची तशी असेल तर माझं त्या स्क्रूंबद्दलचं बोलणं सोडून द्या. पट्टीची उंचीही काही मॉडेलला वेगळी असते. फवारा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि आसपास विडी-काडी नको. किट आणायला जाताना जुना पडदा खिशात घेऊन जा, दुकानदार नुसतं सीसी विचारून भलतंच देतो.

आणि मेव्हण्याचं. टाकीतलं पेट्रोल आज काढलं नसेल तर अजून काढू नका. त्याला बोलवा. त्याच्यासमोर ते काचेच्या बाटलीत ओता, पाच मिनिटं उभं ठेवा, आणि खाली काय बसतं ते त्यालाच बघू द्या. शक्य असेल तर ज्या लोकांसमोर तो तुम्हाला काही बोलला असेल, तेही तिथं असू द्या.