सिमरोलकडच्या ताईंसाठी: दार दिवसा उघडं ठेवा, आणि होळीपर्यंत काही ठरवू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर बँकेतून रिटायर झाले, इंदूरचं सुदामानगरचं घर बंद करून मे महिन्यात तुम्ही खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे राहायला गेलात, ते बागेत रमलेत आणि तुम्हाला संध्याकाळी सहानंतर घर खायला उठतं, बोलायला कुणी नाही, आणि ज्या येतात त्या थेट स्वयंपाकघरात येऊन पेन्शन किती विचारतात, वर सापाची भीती, मुलगा पुण्याहून म्हणतो परत जा. तर परत जावं की राहावं.

आम्ही राजेंद्रनगर सोडून देपालपूरकडच्या गावात आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, सासूबाईंचं शेवटचं आजारपण पण इथेच निघालं, तेव्हा जे लिहितेय ते राहून लिहितेय.

आधी एक सांगते, तुम्ही वर्षातला सगळ्यात कठीण तुकडा बघताय. मेमध्ये गेलात म्हणजे ऊन, मग पेरणीची धावपळ, मग चिखल. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे पावसाळ्यात मुरूम टाकलेला नसला तर गेटपासून रस्त्यापर्यंत चपलेला किलोभर माती, आणि म्हणून माणूस घराबाहेर निघतच नाही. आणि गावातल्या बायका? त्या जुलैपासून सोयाबीनच्या निंदणीला जातात, सकाळी भाकरी बांधून निघतात आणि दिवेलागणीला परत येऊन चूल पेटवतात, जेवून नऊला झोपतात कारण पहाटे चारला गायी-म्हशींचं दूध काढायचंय. तुम्हाला वाटतं कुणी विचारत नाही, पण त्यांना श्वास घ्यायला वेळ नाहीये हो. सप्टेंबरअखेर सोयाबीन कापणीला येतं, ऑक्टोबरभर थ्रेशर, मग लसूण-बटाटा लावणं, मग गहू. गहू पेरून झाला की गाव मोकळं होतं. थंडीत हरभऱ्याचे डहाळे भाजून खायला बोलावतील तेव्हा गाव काय ते कळेल. म्हणून होळीपर्यंत निर्णय घेऊच नका. सुदामानगरचं घर विकू नका, अकरा महिन्यांच्या करारावर देऊन टाका, एक खोली कुलूप लावून ठेवली तर आणखी उत्तम.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की "आम्ही गेट लावूनच ठेवतो, कोण येतं-जातं कळत नाही." शहरात ते बरोबर आहे. गावात दिवसा बंद दाराचे दोनच अर्थ लागतात, एकतर घरात कुणी आजारी आहे नाहीतर ह्या लोकांना आपल्याशी संबंध ठेवायचा नाही. आणि जिला खरंच तुमच्याशी ओळख करायचीय ती बंद गेट उघडून आत येते तेव्हा मधे कुठे थांबायला जागाच नसते, म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात पोहोचते. ह्या दोन्ही त्रासांवर एकच उपाय आहे, ओटला, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा. घराला ओटला नसेल तर व्हरांड्यात एक खाट टाका, बसायला दोन मोडे ठेवा, पाण्याचा माठ ठेवा. दुपारी एक ते तीन तुम्ही तिथे बसा, भाजी निवडा, मेथी खुडा, वाचा, काहीही करा पण बाहेर करा. येणारी बाई तिथेच टेकते, तिथेच पाणी पिते, तिथूनच जाते. तुमचं स्वयंपाकघर तुमचं राहतं आणि माणूस पण मिळतं. आमच्याकडे हे बसवायला फार दिवस नाही लागले.

पेन्शन किती, मुलगा किती कमावतो, सून सोबत का नाही आली, हे प्रश्न विचारणारच. राग मानू नका. त्यांना तुम्ही कोण, कुठल्या, कशा, हे जागेवर बसवायचं असतं, आणि त्यांचं स्वतःचं सगळं, म्हणजे किती बिघे जमीन, किती कर्ज, कुणाची पोर कुणाला दिली, अख्ख्या गावाला माहितीच असतं, तर तुमचंच का नको. "घर चालतं एवढं मिळतं" एवढं उत्तर पुरतं. मग तुम्ही तिला विचारा, माहेर कुठलं, म्हैस किती दूध देते. तिला माहेराबद्दल शेवटचं कुणी विचारलं असेल कोण जाणे.

लसणाचं सांगते कारण मला गावाची खरी ओळख तिथे झाली. लावणीच्या आधी लसणाचे गड्डे फोडून एकेक पाकळी वेगळी करावी लागते, पोतीच्या पोती. शेजारच्या भाभींकडे सात-आठ बायका ओटल्यावर गोल करून बसतात, मधे लसणाचा ढीग, हातात गड्डा घेऊन अंगठ्याने दाबायचा, करकर आवाज येतो, सालं उडून पदरावर, केसात. तासाभरात नखांच्या आत आग व्हायला लागते, मग कुणीतरी तेलाची वाटी फिरवते, बोटं बुडवायची आणि परत सुरू. मी नुसती जाऊन बसले आणि एक गड्डा उचलला. कुणी या म्हटलं नाही, कुणी नको पण म्हटलं नाही, जरा सरकून जागा केली. त्या दुपारी कुणाची सून नांदत नाहीये, पटवारी (म्हणजे तलाठी) कधी बसतो, कोणत्या दवाखान्यात औषध नीट मिळतं, दूध कुणाकडचं घ्यायचं, सगळं कळलं. तुमच्याकडेही महूच्या त्या पट्ट्यात लसूण-बटाटा भरपूर होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुठल्या तरी ओटल्यावर असा ढीग पडेलच, नक्की जा.

कुणी ताक दिलं तर घ्या, ताकाचे पैसे विचारू नका, वाईट वाटतं त्यांना. फक्त तांब्या रिकामा परत करू नका, हे तर आपल्यातही आहेच. आमच्याकडून चकली आणि पुरणपोळी जाते. आणि गावात कुणाकडे गमी झाली, म्हणजे कुणी वारलं, तर ओळख असो नसो, पहिल्या दोन-तीन दिवसांत दोघांनी जाऊन दहा मिनिटं बसून या. लग्नाला नाही गेलात तर चालतं, गमीला न जाणं लोक विसरत नाहीत.

सापाचं. भीती बरोबर आहे, ती घालवू नका, तिच्याप्रमाणे वागा. नाग, मण्यार, घोणस तिन्ही आपल्या भागात आहेत. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बरेचदा दुखत नाही, सूज पण येत नाही, मग काही वेळाने पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. म्हणून पावसाळ्यात खाली झोपायचं नाही, पलंगावर मच्छरदाणी आणि ती गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. रात्री टॉर्चशिवाय अंगणात पाय नाही, बुटात पाय घालण्याआधी बूट झटकायचा, लाकूड-विटांचे ढीग भिंतीला टेकून ठेवायचे नाहीत, धान्य उघडं नको कारण उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. चावलाच तर दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, झाडफूक करण्यात वेळ घालवायचा नाही, तो भाग हलवायचा नाही आणि 108 ला फोन लावून किंवा शेजारच्याची गाडी काढून सरकारी हॉस्पिटल. सापाचं इंजेक्शन महूला आत्ता आहे का की सरळ इंदूरला एमवाय हॉस्पिटलला जायचं, हे मिस्टरांना आजच एकदा जाऊन विचारून यायला सांगा, वेळ आल्यावर नाही. आणि रात्री दोनला कुणाची गाडी निघेल ते पण ठरवून ठेवा. हे ओटल्यावर बसणारीलाच माहीत असतं.

गावात तेजा दशमीला तेजाजीच्या थानकावर गर्दी होते, सापापासून राखण करणारा देव म्हणून. आपले गणपती सुरू असतानाच येते, भाद्रपद शुद्ध दशमीला. तुम्ही जरूर जा, नारळ द्या, इंजेक्शनवर विश्वास ठेवून सुद्धा जाता येतं.

पाण्याचं थोडक्यात. इंदुरात 1978 पासून जलूदहून उचललेलं नर्मदेचं पाणी येतं, आपली जीभ आणि आपली डाळ दोन्ही त्याला सरावलेली. बोरिंगचं पाणी जड, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये पांढरा थर. छताचं पावसाचं पाणी पहिले एक-दोन पाऊस सोडून टाकीत घ्या, डाळीला आणि केसांना तेच वापरा, पिण्यासाठी गाळून उकळून. आणि बोरिंगला पाणी कमी वाटत असेल तर दुसरं बोरिंग फेब्रुवारीच्या आत करून टाका, उन्हाळ्यात कलेक्टर 1986 च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली नवीन खोदकाम बंद करतात, मग परवानगीसाठी फिरत बसावं लागतं.

कचऱ्याची गाडी दारात येते ही इंदूरची सवय सुटायला वेळ लागेल. ओला कचरा खड्ड्यात, प्लास्टिक धुऊन पोत्यात, भंगारवाला नेतो. जाळू नका.

आणि संध्याकाळचं, जे तुम्हाला सगळ्यात जास्त लागतंय. शहराचं घड्याळ ठेवाल तर सहा ते अकरा पाच तास एकटीने काढावे लागतात. साडेसातला जेवा, साडेनऊला झोपा, पहाटे उठा, पहाटेचं गाव जागं असतं, डेअरीवर दूध घालायला बाया-माणसं येतात, तुम्ही स्वतः किटली घेऊन जा, दूधवाल्याला घरी बोलावू नका. ह्याने संध्याकाळ सगळी भरते असं मी म्हणत नाही, मराठी कानावर पडायची भूक वेगळीच असते, ती गाव भागवणार नाही. त्यासाठी इंदूरला येत राहा. सानंद, म्हणजे आपली मराठी नाटकं आणणारी संस्था, तिची मेंबरशिप सोडू नका, नाटकाच्या दिवशी भावजयीकडे, मैत्रिणीकडे मुक्काम करा. हे गाव सोडणं नाहीये, आणि मिस्टरांनीही त्याचं वाईट वाटून घेऊ नये. उलट त्यांना माझा निरोप द्या, बाग त्यांची आहे, घर दोघांचं आहे, तुमच्याबरोबर आठवड्यात एकदा इंदुरात येणं हे पण त्यांचं कामच आहे.

आता एक लगेच करण्यासारखं. येत्या भाद्रपद पौर्णिमेला गावातल्या मुली संजा मांडायला सुरुवात करतील, सर्वपित्री अमावस्येपर्यंत रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृती, त्यावर फुलं, गाणी, आणि शेवटी प्रसाद काय आहे ते ओळखायचं, आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखं अगदी. तुमची पुढची भिंत त्यांना द्या. शेजारच्या पोरींना सांगा या, मांडा, शेण-फुलं त्या आणतील, प्रसाद तुम्ही करा, आणि रोज वेगळा करा की त्यांना ओळखता येऊ नये. तुमच्या संध्याकाळचे सोळा दिवस तिथेच निघतील आणि पोरींमागून त्यांच्या आया येतील. भिंतीच्या रंगाची काळजी करू नका, दिवाळीला रंगवायचीच आहे.

लाईटबद्दल तुम्ही नीट लिहिलं नाहीये. घर गावाच्या आबादीत आहे की बाहेर शेतात? शेतात असेल तर बरेचदा शेतीच्या फीडरवरून लाईन असते आणि तिथे ठरलेले तासच लाईट मिळते, मग इन्व्हर्टर आणि टाकीचा हिशेब वेगळा करावा लागतो. बिलावर कनेक्शन कुठलं लिहिलंय ते बघून कळवा, पुढचं मग सांगते.